झाकणाला भोकं किती

माझी धाकटी जाऊ शशिकला हिने आयुष्यभर शेवाळ पाहिलं, आणि तेही मेलेलं. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्या तोंडाकडे बघतात, मी चेष्टा करतेय की काय म्हणून. चेष्टा मी करतेच, पण हे खरं आहे. समुद्रात एका प्रकारचं शेवाळ असतं. ते अंगात चुना भरून घेतं आणि दगडासारखं टणक होतं. मेलं की तो चुना मागे उरतो, त्याचे थर साचतात, आणि फार फार वर्षांनी त्यांचा चुनखडक होतो. त्या खडकाचा कागदाहून पातळ काप काढायचा, काचेवर चिकटवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि हे शेवाळ कुठल्या घराण्यातलं ते ओळखायचं, हे शशीचं काम. पगार मिळायचा तो कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवण्याचा. शेवाळाचं काम फुकट.

बरं, राहायची कुठे, तर पनवेलला. आमच्याकडे कुठेही खणा, काळा पाषाण लागतो. कर्नाळ्याचा सुळकासुद्धा थिजलेला लाव्हाच. शशी दरवर्षी मुलांना कर्नाळ्याला न्यायची आणि पायथ्याशी उभं करून सांगायची की इथे एकही जीवाश्म सापडणार नाही, तेव्हा नीट बघून घ्या. मी म्हणायचे, अगं, तुझं म्हणजे माळकरी माणसाने मासळीबाजारात गाळा घेतल्यासारखं आहे. ती हसायची. हसली की तिचे डोळे बारीक व्हायचे. त्या डोळ्यांचं पुढे काय होणार आहे हे तेव्हा कुणाला माहीत होतं!

आम्ही दोघी नवीन पनवेलात एकाच इमारतीत राहतो, मी पहिल्या मजल्यावर आणि ती माझ्या डोक्यावर. वरून घर्रघर्र आवाज आला की आमचे हे म्हणायचे, वाटण चाललंय वाटतं. वाटण कसलं, काचेवर दगड घासणं चालू असायचं. तिच्या स्वयंपाकघरात मिक्सरपेक्षा दगड घासायची कार्बोरंडमची पूड जास्त वापरली जायची. एकदा मी तिच्याकडे भाकरी करायला बसले आणि पिठीच्या डब्याऐवजी तोच डबा उघडला होता. ती ओरडली म्हणून सगळ्यांचे दात वाचले.

आता त्या दगडाचं सांगते. कमळाकर भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, शशीचा नवरा, एका तेल कंपनीच्या गोदामात नोकरीला होते. समुद्रात तेलासाठी विहीर खणतात तेव्हा तळाखालच्या खडकाची लांब कांडी बाहेर काढतात आणि तिचे तुकडे डब्यांत भरून जपून ठेवतात. त्या डब्यांची व्यवस्था भाऊजींकडे होती. गोदामाची आवराआवर निघाली तेव्हा एका डब्यातला फुटका तुकडा टाकून देणार होते. भाऊजींनी साहेबांना रीतसर विचारलं आणि तो रुमालात बांधून घरी आणला. दुसरे नवरे गजरा आणतात. भाऊजींनी दोन कोटी वर्षांपूर्वीचा चुनखडक आणला, आणि खरं सांगते, गजऱ्याने कुठली बायको इतकी खूश झालेली मी पाहिली नाही.

त्या दगडात शशीला एक शेवाळ दिसलं. पेशींच्या रांगांची वीण तिच्या ओळखीची नव्हती. तिने पुस्तकं काढली, परदेशात विचारून पाहिलं, कुणालाच ती जुळवता येईना. नवी जात असावी असं तिच्या मनाने घेतलं. पण मनाने घेऊन काय होतंय? या शेवाळांच्या अंगात बीजं धरायच्या बारीक कोठड्या असतात आणि प्रत्येक कोठडीला वरून झाकण असतं. झाकणाला एकच भोक असेल तर घराणं एक आणि चाळणीसारखी पुष्कळ भोकं असतील तर घराणं दुसरं. घराणं ठरल्याशिवाय नाव नाही. आणि शशीच्या दगडात शेवाळ होतं, पण कोठडी काही सापडत नव्हती.

शोधायची तर दगड कापायला हवा. कापला की करवतीच्या पात्याच्या जाडीइतका दगड पीठ होऊन पाण्याबरोबर वाहून जातो, उरलेला घासताना संपतो. म्हणजे जे शोधायचं तेच शोधता शोधता नाहीसं होणार. दुसरा तुकडा मिळण्यातलाही नव्हता. विहीर कधीच बुजवलेली, आणि त्या खोलीवरचा डबा तपासण्यांमध्ये संपलेला. भाऊजींनी स्वतः जाऊन पाहिलं होतं, तळाशी नुसती भुकटी होती. मग शशी वर्षावर्षाने एखादा काप काढायची, बाकीचा तुकडा कापसात गुंडाळून देवघराखालच्या खणात ठेवायची. माझ्या सोन्याच्या पाटल्या मी इतक्या निगुतीने ठेवल्या नाहीत.

भाऊजी गेले ते पळस्प्याच्या फाट्यावर, बसची वाट बघताना. छातीत कळ आली आणि बाकावरच कलंडले. मी त्यांच्या लग्नात थोरली वहिनी म्हणून मिरवले होते, त्यामुळे पुढचं मला लिहवत नाही. शशी महिनाभर वर दगडाला शिवली नाही. मग एक दिवस जिन्यात मला थांबवून म्हणाली की वहिनी, त्या शेवाळाला मी ह्यांचं नाव देणार आहे. शास्त्रज्ञांत रीत अशी की स्वतःचं नाव द्यायचं नाही, दुसऱ्या माणसाचं चालतं. पुरुषाचं असेल तर शेवटी ई लावतात. कमळाकरी. मी म्हटलं, आमच्या घराण्यात कुणाच्या नावाने गल्ली नाही की चौक नाही, शेवाळ तर शेवाळ. असं म्हटलं आणि आम्ही दोघी जिन्यातच रडलो.

तेव्हापासून त्या कोठडीची वाट मीही बघायला लागले. म्हणजे शशीच्या वेडात माझी भर पडली. तिने मला एकदा मोरा बंदरावर नेलं होतं, धक्क्याच्या अलीकडे खडकांत. ओहोटीला एका दगडाच्या खाचेत गुलाबी डाग होता, नखाने खरवडला तर दगडासारखाच लागला. हेच ते, जिवंत, असं म्हणून ती उकिडवी बसली ती उठेचना. जाळी घेऊन चाललेली एक कोळीण थांबली आणि म्हणाली, "बाय, काय शोधताव? हितं काय नाय." शशीने तिला तो डाग दाखवला. तिने बघितला, आमच्या दोघींकडे बघितलं आणि निघून गेली. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

मध्ये एक घाव बसला. शशीने तुकडा मोठ्या यंत्रावर कापून घ्यायला एका बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पाठवला. कुठल्या दिशेने कापायचं ते दगडावर पेन्सिलीने बाण काढून दाखवलं होतं, सगळे तसंच करतात. तिथल्या लोकांनी त्यांच्या शिस्तीप्रमाणे कापण्याआधी दगड स्वच्छ धुतला, बाण वाहून गेला आणि काप आडवा पडला. परत आली ती सुपारीएवढी ढेकळी. शशीने ती कापसात गुंडाळून ठेवली. मी मात्र फोन करून त्या माणसाला असं झाडलं की तो बिचारा तीनदा माफी मागत राहिला. त्याच्या माफीने दगड थोडाच वाढणार होता. त्यानंतर शशीने ठरवलं की उरलेला दगड कुणाच्या हातात द्यायचा नाही.

आणि मग डोळे. निवृत्त झाल्यावर दोन-अडीच वर्षांनी तिला डाव्या डोळ्याने माणसाचं तोंड दिसेनासं झालं. केस दिसायचे, खांदे दिसायचे, मधोमध नुसता मळका डाग. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत जातो, असा तो आजार. डॉक्टर भला माणूस होता. डोळ्यात इंजेक्शनं दिली, उजवा जपू म्हणाला. चौकटी छापलेला एक कागद दिला आणि तो फ्रिजवर लावून रोज एक डोळा झाकून बघायला सांगितला. रेघा सरळ दिसल्या तर ठीक, वाकड्या दिसायला लागल्या तर लगेच या. मी रोज सकाळी दूध घेऊन वर जायचे आणि विचारायचे, सरळ आहेत का? ती म्हणायची, आहेत. असं विचारून आजार थांबत नाही हे मला कळत होतं, पण न विचारता तरी काय करणार होते?

थंडी सरता सरता एका सकाळी तिने उत्तर दिलं नाही. फ्रिजसमोर उभी होती. मग म्हणाली की उजव्या डोळ्यालाही मधल्या रेघा वाकल्यात.

इंजेक्शनं चालू राहिली, पण तिच्या मनाने हिशेब करून टाकला, उरलेली ढेकळी आता लगेच घासायची. तिची एक जुनी विद्यार्थिनी आहे, हादिया, आमच्या पनवेलच्याच मोहल्ल्यातली. लग्न होऊन मस्कतला असते, तिथल्या विद्यापीठात शिकवते. ती मे महिन्यात येणार होती. मी शशीला सांगून बघितलं की हादिया येईपर्यंत थांब, तिचे डोळे तरणे आहेत, हात तयार आहे, तूच शिकवलंयस. शशी ऐकून घ्यायची. शेवटी एकदा तिने मला सरळ सांगितलं.

"वहिनी, हादियाला दिसेलच. मे महिन्यात मला दिसेल का?"

मी भांडायला गेले होते, तिचा डबा धुऊन ठेवला आणि खाली आले.

शेवटी तिने ती ढेकळी काढली त्या दिवशी सकाळचं ऊन तिच्या गॅलरीत चांगलं येत होतं. सूक्ष्मदर्शक जुना, खाली आरसा असलेला, उजेड खिडकीचा घ्यायचा. कॅमेरा वगैरे त्याला काही नाही. सुपारीएवढ्या दगडाला तिने आधी एक सपाट बाजू घासून घेतली होती आणि त्यावर पाण्याचा थेंब टाकून भिंगातून बघितलं होतं. बघितलं म्हणजे डोळ्याच्या कडेने. मधून दिसत नाही म्हणून ती मान वाकडी करून, दुसरीकडेच बघितल्यासारखं करून बघायला शिकली होती. एका कडेला तिला खसखशीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दिसला. मला दाखवला. मला पांढरा ठिपका दिसला, तिला कोठडी दिसली. इतक्या वर्षांनी, अगदी शेवटच्या ढेकळीत! ती बाजू तिने गोंद लावून काचेवर चिकटवली. गोंदात बुडबुडा राहता कामा नये म्हणून किती वेळ दाबत बसली होती. बुडबुडासुद्धा भिंगातून गोलच दिसतो, फसवतो, असं तिने मला तेव्हाच सांगितलं होतं.

आता राहिलं होतं ते वरचा दगड घासून घासून पातळ करणं, उजेड आरपार येईपर्यंत. ती काचेच्या पाटावर पूड आणि पाणी घेऊन घासायची, धुवायची, आणि मी भिंगाला डोळा लावून काय दिसतं ते सांगायचे. माझं शिक्षण बारावी, तेही कॉमर्स. पण घरात दुसरे डोळे नव्हते. आमचे हे जिना चढून वर येतात आणि धापा टाकत बसतात, त्यांना कोण विचारतो.

सुरुवातीला नुसता अंधार होता. मग तपकिरी. मग तपकिरीत जाळं दिसायला लागलं, स्वेटरच्या विणीसारखं, आणि मी ते सांगितलं तेव्हा शशी म्हणाली की हो, तेच. पुन्हा घासलं, पुन्हा धुतलं. कडेजवळ एक फिकट जागा उघडली. त्या जागेत ठिपके होते.

"शशी, ठिपके आहेत," मी म्हटलं. "गोल. पाच-सहा तरी आहेत."

तिने माझ्या हाताला धरून मला बाजूला केलं आणि स्वतः बसली. मान इकडे वाकडी, तिकडे वाकडी. डोळा लावला, काढला, पुन्हा लावला. काच सरकवली, आरसा फिरवला. मी शेजारी उभी होते, आणि मला माझा चांगला डोळा काढून तिला द्यावासा वाटत होता. असं वाटून काही होत नाही. ती बराच वेळ बसली आणि मग शांतपणे म्हणाली की नाही दिसत.

मग मोबाईलने फोटो घ्यायचं ठरलं. मी मोबाईल भिंगावर टेकवला, हात हलला, पुन्हा टेकवला. फोटो आला तो चहाच्या रंगाचा, मध्ये पुसट ठिपके. काप अजून जाड आहे, उजेड नीट येत नाहीये, असं शशी म्हणाली. थोडं उतरवलं की स्वच्छ दिसेल, फोटोही निघेल, आणि कदाचित तिलाही कडेने दिसेल. मला वाटलं की पुरे आता, हादियाला असंच दाखवू. मी तसं म्हटलंही. पण असा तपकिरी काप कुणी मान्य करत नाही, हे तिलाच माहीत होतं, मला नव्हतं. तिने पाटावर चिमूटभर पूड टाकली.

ती चांगलं घासत होती. हलक्या हाताने, गोल गोल, बोटांनी अंदाज घेत. बोटं तिची अजून शाबूत होती. पण काप एका बाजूने जास्त उतरला होता. एरवी काच उजेडासमोर तिरपी धरून तिला ते लगेच कळायचं, आता कळलं नाही, आणि मला त्यातलं काय कळणार? जी बाजू उतरली तीच कोठडीची बाजू. तिने काच धुतली, पुसली आणि माझ्या हातात दिली. मी भिंगातून बघितलं. वीण दिसत होती, सुंदर, आरपार, एकेक पेशी मोजून घ्यावी अशी. कडेला मात्र दगड नव्हता. कडेला काच होती.

मी पुन्हा बघितलं. काच खालीवर केली. काहीतरी राहिलं असेल म्हणून इतकं शोधलं की डोळ्यातून पाणी आलं. शशी विचारत नव्हती. मी गप्प आहे एवढ्यावरून तिला कळलं असणार, कारण मी गप्प बसणारी बाई नव्हे.

"गेलं?" तिने विचारलं.

"गेलं," मी म्हटलं.

तिने पाटावरचं पाणी फडक्याने टिपलं. त्या पाण्यात दुधासारखी पांढरी भुकटी होती. ते फडकं तिने पिळलं नाही, तसंच घडी करून बाजूला ठेवलं. मग मला म्हणाली की वहिनी, तुमचं जेवण राहिलंय.

मेमध्ये हादिया आली. खजूर घेऊन आली, शशीच्या पाया पडली, शशीने तिला पोटाशी धरलं. तोपर्यंत शशीचा उजवा डोळाही बराच उतरला होता. बोलताना ती माणसाच्या कानाच्या बाजूला बघते, म्हणजे मग तिला माणूस थोडा दिसतो. हादियाने काप बघितला. वीण बघून तीसुद्धा म्हणाली की मॅडम, ही नवीनच आहे, मी अशी पाहिली नाही. मग मोबाईलवरचा फोटो बघितला. मोठा केला, उजेड वाढवला, खिडकीशी जाऊन बघितला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. मुलीला खोटं बोलता आलं असतं, आणि तिच्या मनात ते येऊन गेलं हे मला दिसलं.

"मॅडम, भोकंही म्हणता येतील, बुडबुडेही म्हणता येतील," ती म्हणाली. "फोटोवरून मी नाही सांगू शकत. माफ करा."

शशीने मान हलवली. फोटो जाऊ दे, ती म्हणाली, वहिनींनी प्रत्यक्ष पाहिलंय. मग ती माझ्याकडे वळली, माझ्या कानाच्या बाजूला बघत.

"वहिनी, बुडबुड्याला कडेने जाड काळी रेघ असते. भोकाला नसते. तुम्ही पाहिलेत त्या ठिपक्यांना काळी रेघ होती का?"

माझ्या सांगण्याने ते छापून येणार नव्हतं, हे मलाही कळत होतं. पण तिला तरी कळलं असतं. आपल्या माणसाचं नाव कुठे बसतं ते ठाऊक होऊन ती निवांत झाली असती. एक शब्द पुरे होता, ‘नव्हती’. मी उभ्या जन्मात कुठल्याही गोष्टीवर ठाम बोलायची राहिले नाही. गणपतीच्या वर्गणीपासून लोकांच्या सुनांपर्यंत सगळ्यावर माझं मत तयार असतं. मी डोळे मिटले आणि ते ठिपके आठवून बघितले. गोल होते. पाच-सहा होते. कडेचं काही आठवेना. कडेला बघायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला ते सुचलं नव्हतं. हादिया माझ्याकडे बघत होती आणि तिच्या नजरेत दिसत होतं की बोला, मी काही म्हणणार नाही.

"मला आठवत नाही गं," मी म्हटलं.

"बरं," शशी म्हणाली.

काचेच्या टोकाला चिठ्ठी लावतात, तिच्यावर शेवाळाचं नाव असतं. शशीला आता लिहिता येत नाही म्हणून पेन माझ्या हातात दिलं. मी विचारलं की घरातल्या घरात भाऊजींचं नाव लिहू का, कोण बघायला येतंय. ती नको म्हणाली. मग तिने सांगितलं तसं मी बारीक अक्षरात लिहिलं, वंश अनिश्चित, जात अनिश्चित, आणि हादियाने ती काच पेटीत ठेवली.

अजून दूध घेऊन वर जाते तेव्हा फ्रिजवरच्या चौकटींकडे माझं लक्ष जातं. शशीने तो कागद काढलेला नाही. मी समोर उभी राहते आणि एक डोळा झाकून बघते. मला सगळ्या रेघा सरळ दिसतात.